दिवटी, गॅसबत्ती आणि एकशे ब्याण्णव चॅनेलचा बोर्ड

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात लढाया असतात, तह असतात, शेतसारा असतो. दिवा मात्र क्वचितच असतो. रात्री नाटक झालं, गोंधळ झाला, तमाशा रंगला असं आपण वाचतो. पण ते लोकांना दिसलं कशाच्या उजेडात, हे फारसं कोणी लिहून ठेवत नाही. दिवा कोणी धरला होता? त्यात तेल कोण घालत होतं? रात्र सरल्यावर त्याच्या हातावर काय पडत होतं? बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण अभ्यासक्रमात हे प्रश्न कधी आले नाहीत. ते आले निवृत्तीनंतर, आणि तेही आमच्या गावच्या बेंजो पार्टीमुळे!

रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना बेंजो पार्टी म्हणजे काय हे सांगायला नको. परगावच्या नातेवाइकांसाठी आणि साता समुद्रापलीकडच्या भाचरांसाठी थोडक्यात सांगते. हळदीला, साखरपुड्याला, पालखीला, गणपती विसर्जनाला वाजवणारा हा छोटा ताफा. नाव बेंजोचं असलं तरी आता त्यात कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी असं सगळं असतं. आमच्या गावच्या पार्टीत पाच जण, त्यातले तिघे माझे विद्यार्थी. रस्त्यावर वाजवता वाजवता त्यांना हल्ली स्टेजची कामं मिळू लागली आहेत. गाणारा एक जण आहे, कोळीगीतं आणि जुनी मराठी गाणी छान म्हणतो. स्टेज आलं म्हणजे दिवे आले. पोरांनी आठ एलईडी दिवे घेतले, आणि ते चालवायला कोणतं यंत्र घ्यावं यावर त्यांची गाडी अडली.

चार मतं होती. एकाचं म्हणणं, यंत्रच नको; दिव्यांत माइक बसवलेला असतो, ठेका ऐकून ते आपोआप नाचतात. दुसऱ्याला मोबाइलवरून दिवे चालवायचे होते. तिसऱ्याने पायाने दाबायचा पेडल-बोर्ड कुठेतरी पाहिला होता. चौथ्याला साधा, बटणांचा आणि सरकपट्ट्यांचा बोर्ड हवा होता; पण त्यासमोर बसायला माणूस लागतो, आणि माणूस आला की वाटा आला. खरी मेख इथेच होती. पाच वाटे होते, त्याचे सहा करायला कोणाचं मन होईना.

"बाई, तुम्हीच सांगा," म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. यंत्रातलं मला कळतं ते बेताचंच. पण आमचे धाकटे भाऊजी उभी हयात वीज मंडळात नोकरी केलेले, त्यांनी तांत्रिक बाजू उलगडून सांगितली. इतिहासाची बाजू माझी. दोन्ही एकत्र केल्यावर जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

पहिल्यांदा आठवला गोंधळ. आपल्याकडे लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात. गोंधळ्यांचा ताफा म्हणजे तरी काय? संबळ वाजवणारा एक, तुणतुणं धरणारा एक, झांज असते, आख्यान सांगणारा नाईक असतो, आणि दिवटी असते. पेटती दिवटी धरायची, तिच्यावर वेळोवेळी तेल घालायचं आणि ती विझू द्यायची नाही. आजच्या भाषेत बोलायचं तर छोटा वाद्यवृंद आणि त्याची प्रकाशयोजना एकाच ताफ्यात. दिवटी धरणारा आख्यान ऐकत असतो, संबळाचा जोर वाढला की त्याला कळतं, देवीचं नाव आलं की दिवटी कुठे न्यायची हे त्याला सांगावं लागत नाही. तो ताफ्यातलाच असतो. भाड्याने आणलेला नसतो.

मराठी नाटकाची सुरुवात आपण ५ नोव्हेंबर या दिवशी साजरी करतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत राजेसाहेबांपुढे 'सीतास्वयंवर' केलं, त्याची ती आठवण. त्या काळी रात्रीच्या खेळाला मशाली आणि तेलाचे दिवे हाच उजेड. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आलं, तोवर मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागून पंधरा वर्षं झाली होती. पण खेडोपाडी फिरणाऱ्या कंपन्यांना आणि जत्रेतल्या खेळांना त्याचा काय उपयोग? आपल्या किनाऱ्यावर पुढे कित्येक वर्षं राज्य केलं ते गॅसबत्तीने.

गॅसबत्ती नव्या पिढीने पाहिलेली नसते. नावात गॅस असला तरी ती चालते रॉकेलवर. टाकीत पंपाने हवा भरायची, दाबामुळे रॉकेल वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती जाळीदार कापडी मॅंटलमध्ये जळते. मॅंटलची एकदा राख झाली की ती धक्क्याने फुटते, म्हणून बत्ती हलवायची ती जपून. उजेड मात्र लख्ख, पांढरा. तिच्यात कमी-जास्त करण्याची सोय जवळजवळ नाही. दाब उतरला की उजेड उतरतो, मग खेळ थांबवून पुन्हा पंप मारायचा. राजा दरबारात असो की वनवासात, उजेड तेवढाच.

वरातीत ह्याच बत्त्या डोक्यावर घेऊन बाया चालत असत. कापडाची चुंबळ, तिच्यावर बत्ती, आणि एका हाताने आधार. लहानपणी मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. नवरदेवाचा चेहरा उजळून निघायचा, बँडवाल्यांची पितळी वाद्यं चमकायची. बत्तीच्या थेट खाली असलेला त्या बाईचा चेहरा मात्र अंधारात. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण किती सहज वापरतो! पंगती उठल्यावर त्यांना जेवायला बसवत. गोंधळात दिवटी धरणारा ताफ्यातला होता. वरातीत बत्ती धरणारी ताफ्याबाहेरची झाली. मधल्या काळात दिवा सुधारला, आणि तो वाहणारं माणूस मागे गेलं.

आता विजेकडे येऊ. नाट्यगृहात वीज आली ती हौसेखातर नाही, भीतीपोटी. युरोपातली नाट्यगृहं तेव्हा गॅसच्या उघड्या ज्योतींवर चालत. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरला आग लागली, त्यात शेकडो माणसं गेली. त्यानंतर वीसच दिवसांनी, २८ डिसेंबरला, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचा रंगमंच विजेने उजळला. सबंध नाट्यगृहात मिळून सुमारे बाराशे दिवे होते. मालक रिचर्ड डॉयली कार्ट यांनी प्रेक्षकांसमोर येऊन एक पेटता दिवा कापडात गुंडाळून फोडून दाखवला. कापड जळलं नाही. लोकांना पटलं.

आगीची भीती विजेने कमी केली, संपवली नाही. २०२२ च्या जूनमध्ये अलिबागच्या पीएनपी नाट्यगृहाला आग लागली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेली ती वास्तू, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती! ती दृश्यं टीव्हीवर पाहताना घशाखाली घास उतरेना.

विजेच्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचं नाव मोठं आहे, हे पोरांना माहीत नसतं. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिऱ्याचं १९२७ साली. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून मुंबईच्या गिरण्या चालल्या. वीज तयार होत होती आमच्या कुलाबा जिल्ह्यात (१ जानेवारी १९८१ पासून रायगड), आणि आम्ही किनाऱ्यावरची मुलं कंदिलाची काच पुसत अभ्यासाला बसत होतो.

गावात वीज आल्यावर प्रश्न बदलला. दिवा लावता येत होता, विझवता येत होता. हळूहळू कमी कसा करायचा? पहाट दाखवायची तर एकदम लख्ख होऊन कसं चालेल? १९७० च्या दशकातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आमच्या वायरमनने याचं जे उत्तर काढलं, ते मी विंगेत उभी राहून पाहिलं आहे. चिनीमातीचा एक जाड नळ, खालून बंद केलेला. त्यात मिठाचं पाणी. तळाशी एक धातूची पट्टी, वरून दोरीला बांधलेली दुसरी. दोन पट्ट्यांमधलं अंतर कमी केलं की पाण्यातून वीज जास्त जाते, दिवा उजळतो. वरची पट्टी ओढून घेतली की दिवा मावळतो. मिठाला आपल्याकडे काय तोटा! पेण-उरणची मिठागरं हाकेच्या अंतरावर. रामप्रहराचा प्रवेश त्या नळाने असा काही उजळला की टाळ्या नटांना पडल्या की वायरमनला, ते कळेना.

हा प्रकार अतिशय धोक्याचा होता. उघडं पाणी, उघडी वीज, ओली जमीन. आज कोणी चुकूनही करू नये. पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. तो वायरमन पूर्ण वेळ स्टेजकडे बघत होता. त्याचा एक हात दोरीवर होता आणि ओठ नटांबरोबर संवाद पुटपुटत होते. तालमीला तो रोज आला होता.

पुढे फिरत्या मुठीचे डिमरस्टॅट आले, आणि मग इलेक्ट्रॉनिक डिमर. अमेरिकेत १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर नावाचा भाग आणला, त्यावर हे डिमर चालतात. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते. प्रत्येक हेलकाव्याचे दोन अर्ध, म्हणजे शंभर. हा डिमर त्या प्रत्येक अर्धातला काही भाग कापून टाकतो. जेवढा भाग कापला तेवढा दिवा मंद. सोय उत्तम झाली, पण एक दुखणं आलं. विजेचा असा सेकंदाला शंभर वेळा तुकडा पाडला की तिचा खरखराट शेजारच्या वायरींत उतरतो. दिवे मंद केले की स्पीकरमधून गुंईऽऽ असा आवाज. गाणाऱ्याने आलाप घ्यावा आणि डिमरने तंबोरा धरावा!

एका वायरीतली वीज दुसऱ्याच्या कामात लुडबुड करते, याचं उदाहरण अलिबागकरांच्या दारात आहे. मुंबईच्या कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी करणारी जुनी वेधशाळा होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं, तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या लक्षात आलं की ट्रामच्या विजेने ही नाजूक मोजणी बिघडणार. म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला आणली. इमारतीत चुंबकाला प्रतिसाद देणारं साहित्य येऊ नये याची काळजी घेतली, पोरबंदरचा दगड वापरला. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, दोन्ही नोंदींचा मेळ घातला, आणि मगच कुलाब्याची मोजणी बंद केली. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. म्हणजे त्रास सुरू होण्याआधी उपाय झाला होता. जुनं बंद करण्याआधी नव्याची दोन वर्षं परीक्षा घेतली, हे मला त्यातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं.

एलईडी दिव्यांनी डिमरच्या या खरखराटातून बऱ्याच अंशी सुटका केली. त्यांना मुख्य वीज सरळ अखंड द्यायची; उजेड कमी-जास्त करण्याचं काम दिव्याच्या पोटातलं इलेक्ट्रॉनिक्स करतं. लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते, अडलं होतं निळ्यावर. जपानच्या शुजी नाकामुरांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी करून दाखवला. त्या कामासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. तीन रंग हाती आले आणि बाकीचे रंग मिसळून करता येऊ लागले.

भाऊजींनी मला हिशेब मांडून दाखवला. जुने पार दिवे एकेक हजार वॅटचे. आठ दिवे म्हणजे आठ हजार वॅट, २३० व्होल्टवर जवळजवळ पस्तीस अँपिअर. गावातल्या मांडवात हे झेपणार कसं? एलईडीचा दिवा दीडशे वॅटचा धरला तर आठांचे बाराशे, म्हणजे पाच-सव्वापाच अँपिअर. छोट्या जनरेटरवरही निभतं. २०२० च्या जूनमधल्या 'निसर्ग' वादळानंतर किनाऱ्यावरच्या गावांनी कित्येक दिवस विजेविना काढले. तेव्हापासून जनरेटरचा विचार आधी करायचा हे आम्हाला अंगवळणी पडलं आहे.

आता दिव्याला हुकूम कसा जातो ते पाहू. पूर्वी एकाचं यंत्र दुसऱ्याच्या दिव्याला चालत नसे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या रंगभूमी-तंत्रज्ञांच्या संस्थेने एक समान भाषा ठरवली, तिचं नाव डीएमएक्स ५१२. नाव ऐकून घाबरू नका. वाडीतली घरं डोळ्यांसमोर आणा. एका वायरीवर ५१२ घरं. प्रत्येक घरात पोस्टमन एक चिठ्ठी टाकतो, तिच्यावर ० ते २५५ यातला एक आकडा असतो. शून्य म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण. एका घराला लाल रंगाची चिठ्ठी, पुढच्याला हिरव्याची, त्यापुढच्याला निळ्याची. पोस्टमन पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. सबंध वाडी भरलेली असली तरी सेकंदाला सुमारे चव्वेचाळीस फेऱ्या! दिव्याला आपलं घर कितव्या नंबरपासून सुरू होतं एवढं सांगून ठेवलं की झालं.

बाजारात सगळ्यांत जास्त दिसणारा छोटा बोर्ड १९२ चॅनेलचा असतो. बारा दिवे, प्रत्येकाला सोळा घरं. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे पहिल्या दिव्याचा पत्ता १, दुसऱ्याचा १७, तिसऱ्याचा ३३, चौथ्याचा ४९. पाढा येत असेल तर पुढचं सांगायला नको. आपल्याला हवा तसा उजेड जमवायचा आणि बटणाखाली साठवून ठेवायचा, त्याला सीन म्हणतात. असे २४० सीन त्यात मावतात. आपल्याला आठ-दहा पुरे. चार-पाच हजारांत असा बोर्ड मिळतो.

मग चार मतांचं काय झालं? एकेक करून पाहू.

ठेका ऐकून आपोआप नाचणारे दिवे. फुकट आणि बिनत्रासाचे. हळदीच्या नाचाला ठीकही आहेत. पण त्या दिव्याला फक्त धडधड कळते. ढोलकीवर थाप पडली की तो उडी मारणार. मग ते गणेशवंदन असो, कोळीगीत असो की गेलेल्या माणसाच्या आठवणीचं गाणं असो. गाणारा क्षणभर थांबला, सगळं शांत झालं, त्या क्षणाला त्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा. नेमका तेव्हाच हा दिवा भांबावतो.

पायाने दाबायचा पेडल-बोर्ड. परदेशी बँडमध्ये गिटारवाला उभा असतो, त्याला हे सोपं. आमच्या पार्टीत ढोलकीवाला मांडी घालून बसतो! ऑक्टोपॅडवाल्याचा पाय आधीच कामात असतो, कीबोर्डवाल्याच्याही पायाखाली पेडल असतं. उरला गाणारा, तो एका जागी उभा राहत नाही. हे मत मांडणाराच हसून गप्प झाला.

मोबाइल. रंगांची चित्रं सुंदर दिसतात, शक्यता पुष्कळ. पण रात्री आठ वाजता, घामेजल्या बोटांनी, काचेवर नेमकी जागा न बघता कशी सापडणार? त्यातून मध्येच मावशीचा फोन आला की संपलं. मोठ्या स्टेजला, तालीम झालेल्या नाटकाला संगणक उत्तमच. उद्या ही पोरं तिथवर पोचली तर त्यांनी जरूर घ्यावा.

साधा बोर्ड. अंधारात बोटांना सरकपट्टी कळते. गाण्याबरोबर हात हळूहळू वर नेता येतो. आणि बिघडला तर अलिबागच्या बाजारात दुरुस्त करणारा सापडतो. खाऱ्या हवेत पिना गंजतात, तेव्हा दुरुस्ती जवळ असणं याला किंमत आहे.

मी बोर्डाच्या बाजूने बोलले. कारण यंत्र निवडताना आपण खरं तर दिवा कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवत असतो, आणि तो हात गाणं ऐकणारा असावा. गोंधळ्यांना हे ठाऊक होतं, त्या वायरमनलाही ठाऊक होतं.

बंगालचे तापस सेन हे आपल्या देशातले फार मोठे प्रकाशयोजनाकार, २००६ मध्ये गेले. कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये १९५९ साली उत्पल दत्तांचं 'अंगार' नाटक आलं. त्यात कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं आणि मजूर बुडतात. ते चढत जाणारं पाणी सेन यांनी केवळ प्रकाशाने दाखवलं. डीएमएक्सचा जन्म तेव्हा सत्तावीस वर्षं दूर होता.

मग बसायचं कोणी? ढोलकीवाल्याची धाकटी बहीण बारावीनंतर घरीच होती. पार्टीची सगळी गाणी तिला पाठ, कुठे कडवं संपतं, कुठे ठेका बदलतो ते तिला झोपेतही सांगता येईल. तिचं नाव निघताच दोन अडचणी आल्या. आईची अडचण रात्रीच्या वेळेची. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात हा नियम २००० सालापासून आहे, भाऊ बरोबर आहे, म्हणून ती तयार झाली. दुसरी अडचण पोरांची : "बाई, ती वाजवत तर नाही काही. नुसती बटणं दाबणार. तिला पूर्ण वाटा कसा द्यायचा?"

मी त्यांना वरातीतल्या त्या बत्तीवाल्या बायांबद्दल सांगितलं. तिघे माझे विद्यार्थी, ऐकून घेतलं. बाकीचे दोघेही काही वाईट नाहीत. घरची कर्जं आहेत, प्रत्येक शंभर रुपये मोजून घ्यावे लागतात. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावावं असं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं : पहिल्या हंगामात तिला अर्धा वाटा. मार्गशीर्षात चौलची दत्तजत्रा झाली की सगळ्यांनी पुन्हा बसायचं आणि पूर्ण वाट्याचं बोलायचं. हे मी वहीत लिहून सहाही जणांच्या सह्या घेतल्या आहेत. जुनी खोड! अर्धा वाटा मला पसंत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे, इथेही सांगते.

बोर्ड आला. कोणी असा बोर्ड घेणार असेल तर भाऊजींच्या वहीतल्या चार गोष्टी सांगून ठेवते.

यातले बरेचसे बोर्ड चालू केल्याबरोबर 'ब्लॅकआउट' स्थितीत असतात, म्हणजे एकही दिवा लागत नाही. बिघडला म्हणून दुकानात परत नेण्याआधी ब्लॅकआउटचं बटण एकदा दाबून पाहा.

दिव्यांना जोडायला माइकची वायर वापरू नका. दिसायला तशीच, पण कामाला वेगळी. एका दिव्यातून दुसऱ्यात अशी साखळी करायची, एका साखळीत बत्तीसपेक्षा जास्त उपकरणं नकोत, आणि शेवटच्या दिव्यात १२० ओहमचं टोपण लावायचं. ते नसलं तर दिवे कारण नसताना लुकलुकतात.

बोर्डाकडून हुकूम येणं बंद पडलं तर दिव्याने काय करायचं, हे बऱ्याच दिव्यांत आधी ठरवून ठेवता येतं. शेवटचा उजेड धरून ठेवायचा की विझायचं? धरून ठेवा. अंधारात स्टेजवर माणसं पडतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं : वाळूवरचा किंवा ओल्या अंगणातला मांडव असेल तर अर्थिंग तपासल्याशिवाय आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावल्याशिवाय एकही वायर जोडू देऊ नका. मांडववाला घाई करेल. करू द्या. गाणारा हातात लोखंडी माइक धरून उभा असतो.

पोरीने आठ सीन बसवले आहेत आणि बटणांवर चिकटपट्टी लावून स्वतःच्या अक्षरात नावं लिहिली आहेत : वंदन, पहाट, नाच, नाच मोठा, शांत, होडी, आभार, आणि शेवटचं नुसतं 'सगळे'. 'सगळे' दाबलं की पांढरा उजेड साही जणांवर पडतो. त्यासाठी तिने एक दिवा बोर्डाच्या दिशेने वळवून ठेवला आहे. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

तुमच्यापैकी कोणाच्या आजोळी, गावी, नाटकमंडळात दिवे सांभाळणारं कोणी होतं का? त्यांना काय म्हणत, काय देत, पंगतीत कुठे बसवत, आठवत असेल तर मला जरूर लिहा. चौलच्या जत्रेनंतरच्या बैठकीत मला ते पोरांपुढे ठेवायचं आहे.